इमर्शन कोणी चालू ठेवलंय?

किल्लाड्रीन, काउंटी मेयो
९ सप्टेंबर २०२४

मॅलकी,

मी एन्डाची आई. एन्डा डर्कन, तुमच्या बँडचा पहिला ड्रमवाला. एवढी ओळख पुरे, कारण दोन वर्षं तू दर रविवारी माझ्याच स्वयंपाकघरात जेवलास, आणि बटाटे कमी पडले तर तोंड वर करून सांगायचास.

मागच्या आठवड्यात डब्लिनहून एक मुलगी आली होती, कॅमेरा घेऊन. तुमच्या पहिल्या रेकॉर्डला पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होतात म्हणून टीव्हीवर काहीतरी दाखवणार आहेत म्हणे. तुम्ही जिथे वाजवायचात ती आमची शेड तिला बघायची होती. तिला बघून एन्डा शाळेची बस धुवायला निघून गेला. बस सकाळीच धुतलेली होती. मग मीच दाखवली शेड. आत आता गवत कापायचं मशीन आहे आणि एक मेलेला फ्रीज. तरी तिनं भिंतीला हात लावून फोटो काढून घेतला, देवळात काढतात तसा.

तिला सगळं पाठ होतं. तुम्ही सारखं पाणी तापवायच्या टाकीचं बटण चालू ठेवायचात, मी जिन्याखालून 'इमर्शन कोणी चालू ठेवलंय?' म्हणून ओरडायचे, आणि म्हणून बँडचं नाव 'इमर्शन ऑन'. मला म्हणाली, एकदा ओरडून दाखवाल का, कॅमेऱ्यासाठी? मी नाही म्हटलं.

मग तिनं 'हाऊस प्रायव्हेट'चा विषय काढला. तुमचं ते गाणं. त्यात सुरुवातीला माणसाचा आवाज येतो ना, 'हाऊस प्रायव्हेट, हाऊस प्रायव्हेट', तो तुला लंडनच्या एका भंगारच्या दुकानातल्या कॅसेटवर सापडला, असं तू पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलायस म्हणे. तिला वाटत होतं तो नाचायच्या संगीताचा कुठला तरी प्रकार आहे. मी विचारलं, बाई, तू गाव कुठलं म्हणालीस? डब्लिन. मग बरोबर. मी तिला सांगितलं, इकडे रेडिओवर रोज बातम्यांनंतर मेलेल्यांची नावं वाचतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, चर्च किती वाजता. ज्या घराला लोक यायला नको असतात त्यांच्या नावानंतर हे दोन शब्द वाचतात. म्हणजे चर्चमध्ये या, दारात येऊ नका. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, कूल.

मॅलकी, ती कॅसेट भंगारातली नाही. ती माझ्या टाकीशेजारच्या कपाटातली आहे, उशांच्या अभ्र्यांखालची. मला ती परत हवी. बाकी काही नको. ओरडणंही नको, माफीही नको. साठ मिनिटांची कॅसेट आहे, लेबलवर निळ्या पेनानं 'C' लिहिलंय.

एन्डाला हे पत्र माहीत नाही. त्याला फोन करू नकोस.

अ‍ॅट्रॅक्टा डर्कन


स्टोनीबॅटर, डब्लिन
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय मिसेस डर्कन,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ताठ बसलो. तुम्ही 'बूट बाहेर' अशी पाटी दाराला लावायचात, तेच अक्षर.

तुमच्या रविवारच्या जेवणांची आठवण मी अजून काढतो. शप्पथ. नंतर आम्ही हॉलंड, जर्मनी, जपान सगळीकडे खाल्लं, पण आमची गायिका डर्व्हला गाण्याआधी म्हणायची, आत्ता मिसेस डर्कनचं कुस्करलेलं गाजर-पार्सनिप मिळालं तर वरचा सूर आपोआप लागेल. डर्व्हला आता कॅनडात असते. मुलांना पोहायला शिकवते. रेकॉर्डच्या निमित्तानं येतेय, आठ कार्यक्रम आहेत. मी एरवी जाहिरातींना संगीत देतो. घराच्या विम्याची ती जाहिरात लागते ना, कुत्रा छत्री घेऊन येतो ती, ती माझी. सांगताना बरं वाटत नाही, पण सांगितलं.

कॅसेटचं म्हणाल तर खरंच आठवत नाही हो. त्या काळात शेकडो कॅसेटी होत्या, पोत्यांनी. एखादी शेडमधून, एखादी एन्डाच्या गाडीतून आलेली असणार. भंगारच्या दुकानाचं म्हणजे, लोकांना एक गोष्ट लागते, पत्रकार विचारतात, आपण काहीतरी बोलतो, आणि मग तेच छापून येतं, तेच पुन्हा विचारतात. माझं सामान एका गोदामात आहे. सवडीनं बघतो.

सोबत कॅसलबार गावातल्या कार्यक्रमाची दोन तिकिटं. पुढून तिसरी रांग. एन्डाला घेऊन या. तो बरा आहे ना?

तुमचा,
मॅलकी लॉफ्टस


किल्लाड्रीन
३० सप्टेंबर २०२४

मॅलकी,

तिकिटं परत पाठवतेय. मला गुडघे आहेत आणि एन्डाला लाज आहे.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. अठ्ठ्याण्णवचा मार्च. तू सायकलवरून भिजून आलास आणि दारातच पाणी गाळत उभा राहिलास. मीच म्हटलं, वर जा, टाकीच्या कपाटातून टॉवेल घे. टॉवेल वरच्या फळीवर होते. अभ्रे सगळ्यात खाली. टॉवेल घेताना खालच्या फळीपर्यंत हात कसा गेला ते तुझं तुला माहीत. खाली आलास तेव्हा केस ओले होते आणि टॉवेल कोरडा होता. मी बघितलं होतं. मला वाटलं सिगारेट शोधत असशील.

त्या कॅसेटवर रेडिओचा जो माणूस बोलतो तो माझ्या भावाबद्दल बोलतोय. कोल्म रुएन. लंडनहून आला आणि सहा आठवड्यांत गेला, त्र्याण्णवच्या अठरा फेब्रुवारीला. दुसऱ्या दिवशी बातम्यांनंतर त्याचं नाव वाचलं तेव्हा मी रेडिओ-कॅसेटचं बटण दाबलं. का दाबलं ते तेव्हाही कळलं नव्हतं. आता वाटतं, त्याचं नाव एकदा तरी मोठ्यानं घेतलं गेलं हे मला ठेवून द्यायचं होतं.

तू नाव कापलंस. तेवढे दोन शब्द ठेवलेस.

गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा आम्ही जेवत होतो. एन्डा कुठेतरी बेल्जियमला वाजवत होता. पॅकी, माझा नवरा, उठला, रेडिओ बंद केला आणि परत बसून मीठ मागितलं. अकरा वर्षांनी तो वारला तोपर्यंत आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. त्यानंतर मी ते गाणं पेट्रोल पंपावर ऐकलंय, बॅलिनाच्या चपलांच्या दुकानात ऐकलंय, माझ्या भाचीच्या लग्नात ऐकलंय. लग्नात तर सगळे हात वर करून एकसाथ ओरडतात, हाऊस प्रायव्हेट. फादरसुद्धा. मी पर्स आवरत बसले.

तेव्हाच का बोलले नाही, असं तू विचारशील. बोलले असते तर लोकांनी विचारलं असतं, तुम्ही दार का बंद केलं होतंत?

पण मला कॅसेटची ती रेडिओची बाजू नकोय. ती तुझी तुला लखलाभ. दुसऱ्या बाजूला कोल्म आहे. त्याला पत्र लिहायचा कंटाळा, तो लंडनहून कॅसेटवर बोलून पाठवायचा. ती शेवटची, ब्याण्णवच्या नाताळात आलेली; तिच्याच कोऱ्या बाजूवर मी रेडिओ भरला. मला तो हवाय.

गोदामात शोध. सवडीनं नको.

अ‍ॅट्रॅक्टा डर्कन


डब्लिन
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मिसेस डर्कन,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

हो. मी घेतली. सिगारेट शोधत नव्हतो, रिकामी कॅसेट शोधत होतो. रविवार होता, दुकानं बंद, आणि डोक्यात एक ताल घुमत होता. अभ्र्यांखाली ती मिळाली. शेडमध्ये जाऊन लावली तर रेडिओवाल्याचा आवाज. कोण मेलंय ते मी ऐकलंसुद्धा नाही. मला फक्त ते शेवटचे दोन शब्द ऐकू आले. कसले सपाट म्हणतो तो. दार लावल्यासारखे. मी ते मशीनमध्ये उचलून घेतले आणि उरलेल्या कॅसेटवर आम्ही वाजवलं. तुमच्या भावाचं नाव त्या वाजवण्याखाली गेलं.

आणि दुसरी बाजूही. माझ्याकडे तेव्हा चार ट्रॅकचं यंत्र होतं, ते साध्या कॅसेटवरच चालायचं, पण कॅसेटची पूर्ण रुंदी एकाच वेळी वापरायचं. म्हणजे दोन्ही बाजू एकदमच. आपण एका बाजूवर वाजवतोय असं नसायचंच. त्यामुळे तेही गेलं. सगळं गेलं. मला माहीत नव्हतं कोणाचा आवाज आहे.

भंगारचं दुकान मी नंतर बनवलं. खरं सांगितलं असतं तर चोर ठरलो असतो. आणि दुकानाची गोष्ट लोकांना आवडली. मलाही इतकी आवडली की त्या दुकानाच्या दाराचा रंग काय होता हेसुद्धा मी सांगायचो. हिरवा.

मिसेस डर्कन, मला लाज वाटते. हे वाक्य फार लहान पडतंय, पण दुसरं सुचत नाही.

मॅलकी


किल्लाड्रीन
११ नोव्हेंबर २०२४

मॅलकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पुसलं गेलं, हे तिसऱ्यांदा वाचलं आणि मी काय केलं माहितीय? केटल लावली आणि बिस्किट खाल्लं. मला बरं वाटलं. हे मी कोणाला सांगू? तुलाच सांगते. तू चोर आहेस, तुझ्यासमोर काय लाजायचं.

मी ती बाजू कधी ऐकलेली नाही.

ब्याण्णवच्या डिसेंबरच्या वीस तारखेला कोल्मचा फोन आला. म्हणाला, या नाताळाला घरी येतो. त्याला एड्स झाला होता. तो शब्द तेव्हा इकडे कोणी तोंडातून काढत नसे, मीही नाही, त्यानंही काढला नाही, पण आवाजावरून कळत होतं की हा बरा होणारा आजार नाही. पॅकी माझ्या मागे उभा होता. तो एवढंच म्हणाला, 'कप.' म्हणजे आपण सगळे कुठल्या कपातून पिणार. एन्डा चौदा वर्षांचा होता घरात. मी फोनवर म्हटलं, कोल्म, या वेळी जागा नाही, पॅकीकडचे लोक येतायत, तू नवीन वर्षात बघ. पॅकीकडचं कोणीही येणार नव्हतं.

तीन दिवसांनी पोस्टानं ती कॅसेट आली. मला वाटलं, आता ह्यात तो मला बोलणार. त्याच्या जिभेला धार होती. मी ती अभ्र्यांखाली ठेवली. नाताळ होऊ दे, मग ऐकू. मग तो स्वतःच आला, जानेवारीत, बसमधून, काठीसारखा झालेला. टेबलाशी बसला, पिशवीतून स्वतःचा निळा मग काढला आणि माझ्यासमोर ठेवला. एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. त्यात चहा ओतला. बत्तीस वर्षं तो मग माझ्या गालावर थपडेसारखा लागलेला आहे.

तो गेल्यावर दार बंद ठेवायचं मीच ठरवलं. कोणी विचारायला नको, कशानं गेला. चार कोसांवरची माणसं येतात आपल्याकडे कोणी गेलं की, तुला माहीत आहे, ओळख नसली तरी येतात, हात हातात घेतात, सँडविच खातात, मेलेल्याचे किस्से सांगतात. कोल्मसाठी कोणी आलं नाही, कारण मी रेडिओवर सांगितलं होतं येऊ नका. तरी काय केलं माहितीय गावानं? येऊन गेटच्या भिंतीवर सफरचंदाचे टार्ट ठेवून गेले. आत आले नाहीत, घंटी वाजवली नाही. अकरा बशा. प्रत्येक बशीच्या खाली पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं, बशी कुठे परत द्यायची ते कळावं म्हणून.

मी एकही परत केली नाही. परत करायची म्हणजे त्यांच्या दारात उभं राहायचं. अकरा बशा अजून माझ्या कपाटात आहेत. मोरन, बॅरेट, केलींची दोन्ही घरं, शाळेतली मिस टिमन्स. अर्धे मेलेसुद्धा. आणि मी तुझ्याकडे माझी कॅसेट मागते.

तर पुसलं ते बरंच झालं. तो काय म्हणाला ते आता कोणालाच कळणार नाही. तुला मी माफ वगैरे केलं असं समजू नकोस, पण विषय संपला.

अ‍ॅट्रॅक्टा


डब्लिन
६ जानेवारी २०२५

प्रिय मिसेस डर्कन,

आज सहा जानेवारी. बायकांचा नाताळ. तुम्ही या दिवशी ताटांना हात लावायचा नाहीत आणि एन्डा आणि मी धुवायचो, आणि तुम्ही खुर्चीतून सांगायचात, मागची बाजू कोण धुणार, पोप? आजचा दिवस मुद्दाम निवडला नाही. दोन महिने लागले, आणि आज संपले.

पुसलं गेलेलं नाही.

त्या यंत्राबद्दल लिहिलं ते खरं होतं, पण अर्धंच. यंत्र दोन्ही बाजू एकदम वाजवायचं, पण प्रत्येक बाजूवर वेगळं रेकॉर्ड करता यायचं. आम्ही रेडिओवाल्या बाजूवर वाजवलं. दुसरी बाजू तशीच राहिली. फक्त ती यंत्रात उलटी ऐकू यायची, शेवटाकडून सुरुवातीकडे. एक माणूस उलटा बोलतोय, शब्द आत ओढून घेतल्यासारखे. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी ठेवलं. गाण्याच्या मध्ये ढोल थांबतात आणि बावीस सेकंद कोणीतरी पुटपुटतं ना, लोक ज्याला 'भूत' म्हणतात? ते तुमचे भाऊ आहेत. तुम्ही पेट्रोल पंपावर त्यांना ऐकलंय. लग्नात ऐकलंय. ओळखू आले नाहीत कारण मी त्यांना उलटं केलं होतं.

कॅसेट उलटी फिरवून लावायला कितीसा वेळ लागतो? चार सेकंद. मी कधी लावली नाही. आधी वाटायचं, सरळ ऐकलं तर जादू जाईल, कोणीतरी हवापाण्याबद्दल बोलत असेल. नंतरचं कारण वेगळं.

२००२ साली जपानहून एका चाहत्याचं पत्र आलं. त्यानं ते बावीस सेकंद घरी उलटवून ऐकले होते. त्यातला जेवढा भाग कळला तेवढा त्यानं लिहून पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, किती हुशार आहात तुम्ही, आणि अ‍ॅट्रॅक्टा कोण?

अ‍ॅट्रॅक्टा नावाची मला आयुष्यात एकच बाई माहीत आहे.

मी काय केलं ते सांगतो. पुढच्याच महिन्यात एका मासिकानं विचारलं, भूत काय म्हणतं? मी हसून म्हटलं, जपानी पोरांना विचारा, त्यांनी आमची युक्ती पकडलीय. युक्ती म्हटलं. आणि त्यानंतर रोज संध्याकाळी मंचावर ते बावीस सेकंद यायचे, ढोल थांबायचे, आणि एन्डा काठ्या मांडीवर ठेवून खाली मान घालून बसायचा. त्याची मान तुमच्यासारखी आहे. सत्तावन्न कार्यक्रम मी ते सहन केलं. मग रॉटरडॅमला हॉटेलच्या काउंटरवर त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवली की बँडला आता नवा आवाज हवा, आम्ही ड्रम-मशीन घेतोय. वर्तमानपत्रांनी लिहिलं, धाडसी पाऊल. डर्व्हला माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. नंतरच्या दोन्ही रेकॉर्डी थंड होत्या, सगळे म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. त्या मशीनमध्ये कोणी मान खाली घालून बसलेलं नव्हतं. एन्डा कमी पडला म्हणून मी त्याला काढलं नाही. त्याच्या मामाचा आवाज मी चोरला होता आणि तो माझ्या पाठीमागे बसायचा, म्हणून काढलं.

कॅसेट गोदामात नाही. माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटांच्या डब्यात आहे. सव्वीस वर्षं प्रत्येक घर बदलताना सगळ्यात आधी ती हलवली. त्या चाहत्यानं लिहिलेलं मला माहीत आहे, पण मी ते इथे लिहिणार नाही. ते तुम्हाला सांगितलेलं आहे. तुम्ही म्हणाल तसं. नष्ट कर म्हणालात तर नष्ट करतो, आणि या वेळी खरंच करतो. विषय संपला असं तुम्ही लिहिलंत ते माझ्या खोट्यावर लिहिलंत. ते तसंच राहू द्यावं असं वाटलं होतं. तुम्हाला बरं वाटलं होतं ना. नाही जमलं.

मॅलकी


किल्लाड्रीन
१३ जानेवारी

कॅसेट पाठव. पत्र नको.

अ. ड.


डब्लिन
२० जानेवारी २०२५

मिसेस डर्कन, पत्र नाही, फक्त सूचना. साध्या कॅसेट प्लेयरवर लावा. 'C' लिहिलेली बाजू वर. तीच लावा. दुसऱ्या बाजूला मी आहे.

मॅलकी


किल्लाड्रीन
३ फेब्रुवारी २०२५

मॅलकी,

आमच्याकडे कॅसेट वाजवायला काही उरलं नव्हतं. एन्डाच्या बसमध्ये आहे. जुनी बस. म्हणजे त्याला सांगावं लागलं. तुझी सगळी पत्रं त्याच्यासमोर ठेवली. त्यानं वाचली, बूट घातले, बाहेर गेला आणि शेडमागे उभा राहून काहीतरी लाथाडलं. फ्रीज असावा. मग आत येऊन म्हणाला, चल.

तर शाळेच्या बसमध्ये, पुढच्या सीटवर, कोट घालून मी माझा भाऊ ऐकला. चार मिनिटं आहे. आधी खोकला. मग हे. तुला माहीतच आहे थोडं, उरलेलं ऐक.

"अ‍ॅट्रॅक्टा, मीच. रागावलेलो नाहीये, ते आधी सांगतो, नाहीतर तू हे ऐकायचीच नाहीस, मी ओळखतो तुला. पॅकीकडचे कोणी येत नाहीयेत हेही मला माहीत आहे. ते जाऊ दे. मी जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी येतो. माझा कप मी घेऊन येईन, तू तुझे उकळत बसू नकोस. टेबलावर ठेवीन, तू ओत, काही बोलायची गरज नाही. एकच काम कर. मी यायच्या दोन तास आधी इमर्शन चालू करून ठेव. या खोलीत मला सप्टेंबरपासून गरम पाणी मिळालेलं नाही. मला भरलेल्या टबात बसायचंय, कानापर्यंत. इमर्शन चालू दिसलं की मी समजेन, सगळं ठीक आहे. आणि बाई, एकदाच, जिन्याखालून ओरडू नकोस."

मग तो हसतो. मग भाच्यांची चौकशी करतो, कुत्र्याची करतो, कोण मेलं विचारतो.

आता मी तुला सांगते तो मंगळवार. तो आला, निळा मग टेबलावर ठेवला, चहा प्यायला. मग पिशवी घेऊन जिन्याशी गेला, कठड्याला धरून मागे वळला आणि हसून म्हणाला, 'चालू आहे ना?' मला काही कळलं नाही. मी सिंकशी होते. मी म्हटलं, काय चालू? इमर्शन? मंगळवारी कशाला चालू असेल? आंघोळी शनिवारी. आणि ओरडूनच म्हटलं, सवयीनं. तो थोडा वेळ तसाच हसत उभा राहिला. मग हसणं राहिलं नाही, नुसता उभा राहिला. मग म्हणाला, बरोबर आहे. वर गेला. गार पाण्यानं हातपाय धुतल्याचा आवाज आला मला. सहा आठवडे राहिला. गरम पाणी एकदाही मागितलं नाही.

त्याला वाटलं मी ऐकलंय.

यावर तू काही लिहू नकोस. यावर लिहिण्यासारखं काही नाही. त्या मगची भीती धरून बसले बत्तीस वर्षं, आणि तो मग तर त्यानं माझी सोय म्हणून आणला होता. भीती धरायची ती गोष्ट मला माहीतच नव्हती. तू कॅसेट चोरलीस ती अठ्ठ्याण्णवमध्ये. त्याआधी पाच वर्षं ती माझ्याच कपाटात होती, टाकीला टेकून, टाकी गरम असली की तीही गरम व्हायची. त्याचा हिशोब तुझ्या माथी मारता येत नाही. मारून बघितला.

एन्डानं नंतर कॅसेट उलटी केली. मी नको म्हटलं. त्यानं लावली. तुमचं ते शेडमधलं वाजवणं, तो एकोणीस वर्षांचा. सगळं ऐकलं, हात स्टिअरिंगवर, बोटं हलत होती. मग म्हणाला, 'मशीनपेक्षा बरा होतो.' एवढंच. रॉटरडॅमबद्दल मी विचारलं, त्यानं बस चालू केली.

मी बशा परत करायला लागलेय. परवा संत ब्रिजिडच्या सणाला सुरुवात केली. रिकाम्या देत नाही, टार्ट करून देते. केलींच्या दोन्ही बशा झाल्या. थोरल्या केलीबाईनं बशी पालथी करून पट्टीवरचं स्वतःचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'अ‍ॅट्रॅक्टा, मला वाटलं तू ती फोडलीस.' मी म्हटलं, कोल्म एड्सनं गेला. ती म्हणाली, 'माहीत आहे गं. कस्टर्ड आणलंस का?' जे मेले त्यांच्या पोरांना देणार. मिस टिमन्सचं कोणी नाही, तिची बशी मी ठेवून घेईन, पण समोर ठेवीन.

रेडिओच्या ऑफिसला फोन केला. वर्षश्राद्धाच्या मासचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचंही वाचतात ते. मुलगी म्हणाली, मजकूर सांगा. मी सांगितलं: कोल्म रुएन, किल्लाड्रीन आणि लंडन, बत्तिसावं स्मरण, मास सकाळी अकराला, त्यानंतर घर दिवसभर उघडं. ती म्हणाली, 'घर उघडं' असं लिहायची पद्धत नाही, उघडंच असतं ना. मी म्हटलं, तू लिही.

अठराला आहे. तू ये. तुझ्यासाठी बोलवत नाहीये, लोकांना तुझ्या तोंडून कळायला हवं की भंगारचं दुकान नव्हतं. उभा राहून सांग, त्या मुलीला कॅमेरा घेऊन यायचं तर येऊ दे. डर्व्हलालाही आण, ती तेव्हाही माझ्या बाजूची होती. एन्डा म्हणतो, मशीन आणलंस तर गेटपाशीच थांब, भिंतीवर टार्ट ठेवून देऊ. हे तो जेवताना म्हणाला, आणि हसला नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आणि कोल्मचा आवाज त्या गाण्यातून काढू नकोस. सरळ कर. ऐकू दे सगळ्यांना काय मागत होता.

सोबत टॉवेल आणू नकोस, आहेत. वरच्या फळीवर. अठराला मंगळवारच आहे, मी बघितलं. मी सकाळी सहालाच उठून इमर्शन चालू करीन, आणि दिवसभर चालूच ठेवीन, कोणी आंघोळ करो न करो.

अ‍ॅट्रॅक्टा रुएन डर्कन